बर्फावरचा कॉर्नर

सोलापूर,
१७ मे

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ‘एवढ्या थंडीत तिथं स्वीडनमध्ये सुट्टीच्या दिवशी करतोस तरी काय बे?’ असं तू विचारलंस, मी ‘मॅच बघायला जातो’ म्हणालो आणि तेवढ्यात मामांनी हाक मारली. बरंच झालं. ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही. आज दुपारी कूलरसमोर बसून निवांत लिहितोय. बाहेर ४३ अंश, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि मी तुला बर्फाबद्दल सांगणार आहे.

खेळाचं नाव बँडी. स्टॉकहोमला जाईपर्यंत मी ते ऐकलंही नव्हतं. आइस हॉकी निराळी. तिच्यात सहा-सहा जण, रबराची चकती आणि चहूबाजूंनी भिंत. बँडीला फुटबॉलच्या मैदानाएवढा बर्फ लागतो. अकरा-अकरा खेळाडू, ४५ मिनिटांचे दोन हाफ, आणि चकती नाही, चेंडू. आपल्या हॉकीच्या चेंडूपेक्षा जरा लहान, भडक रंगाचा, पांढऱ्यावर उठून दिसावा म्हणून. कडेच्या रेषेवर वीतभरही उंच नसलेली फळी, बस्स. स्टिक वाकडी, पण दोन्ही बाजूंनी मारता येते. उलट्या बाजूनं मारायला, म्हणजे रिव्हर्ससाठी, मनगट फिरवायची आपली सगळी कसरत तिथं लागतच नाही. बचावाच्या मागे गोलापाशी आधीच जाऊन थांबू न देणारा ऑफसाइडचा नियम आपल्या हॉकीतून १९९० च्या दशकात गेला, तिथं तो अजून आहे.

आणि सुन्या, गोलकीपरच्या हातात स्टिक नसते! पायाला पॅड, हातात मोजे, आणि पाठीमागे ३.५ मीटर रुंद, २.१ मीटर उंच गोल. आपला गोल ३.६६ बाय २.१४. म्हणजे शाळेच्या मैदानावर मी जेवढी जागा राखायचो, जवळजवळ तेवढीच. हे आकडे मी नंतर शोधले, पण त्या संध्याकाळी स्टँडमधून बघतानाच माझे पाय आपोआप त्या दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभे राहिले होते.

तिथले सुरुवातीचे दिवस कसे गेले ते तुला कधी सांगितलं नाही. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही. पण प्रत्येक गोष्ट कुणीतरी समजावून सांगावी लागायची. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, कपडे धुवायच्या खोलीची पाळी कशी लावायची, जेवणाच्या टेबलावर सगळे हसले ते कशावर. माणूस चाळिशीला आला की सतत शिकाऊ राहणं आतून दमवतं रे. दुपारी साडेतीनच्या सुमाराला अंधार पडायचा आणि मी खिडकीतून इथल्या उन्हाचा विचार करत बसायचो. जानेवारीत तर गड्ड्याच्या जत्रेचे फोटो येत होते, नंदीध्वजांचे, बाराबंदीतल्या माणसांचे. त्याच आठवड्यात कामावरचा एक जण म्हणाला, तू हॉकी खेळलायस ना, मग चल.

झिंकेन्सडाम हे मैदान शहराच्या मधोमध, सॉडरमाल्म नावाच्या बेटावर. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं. हम्मारबी या संघाचं ते घर. हिरवा-पांढरा रंग, आणि लोक त्यांना लाडानं ‘बायेन’ म्हणतात. मैदान उघडं, वर छप्पर नाही, उणे आठ अंश. आईनं आग्रहानं बॅगेत कोंबलेली आपली चादर मी नेली होती. चार घड्या करून सिमेंटच्या बाकावर टाकली आणि वर बसलो. तिथं प्रत्येक जण बसायला काही ना काही घेऊनच येतो. पूर्वी ऑफिसात न्यायचे तसल्या तपकिरी चामडी बॅगाही बऱ्याच जणांकडे होत्या. आत थर्मास, कॉफी, ब्रेड. बँडीला बॅग न्यायची ही त्यांची जुनी रीत आहे.

शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. माझ्या सोबत्यानं ओळख करून दिली, त्यांनी मान हलवली, पुढे शब्द नाही. खेळ सुरू झाला. पहिली काही मिनिटं नुसता वेग दिसला. आपण पळतो तेव्हा थांबता येतं, वळता येतं. ही माणसं वळणं आधीच ठरवून येतात, कारण स्केटवर आयत्या वेळी जागच्या जागी फिरणं सोपं नाही. म्हणून चेंडू माणसाकडे मारत नाहीत, माणूस जिथं पोचणार आहे तिथं मारतात. हे ध्यानात आलं आणि सगळं उघडलं. त्यांचा मधला खेळाडू चेंडू घेऊन उजवीकडे निघाला होता, बचाव सगळा तिकडे सरकला होता, आणि डावीकडचा एकटा पोरगा रेषेला धरून नुकता वेग घेत होता. मी ओरडलो, ‘डावीकडं दे, डावीकडं!’ मराठीत. पुढच्याच क्षणाला चेंडू उंच उडून अख्ख्या मैदानावरून डावीकडे गेला.

आजोबांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग बॅग उघडली आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्या हातात दिली. माझ्या खिशात एका येणाऱ्याबरोबर आईनं पाठवलेली शेंगापोळी होती. तिचे तीन तुकडे केले. त्या देशात पहिल्यांदाच मला काहीतरी कुणी न सांगता कळलं होतं. तुला सांगतो, डोळे भरून आले, आणि ते थंडीनं नव्हे.

आता कॉर्नरचं ऐक. हे पत्र खरं म्हणजे त्याच्यासाठीच आहे.

गोलासमोर आपल्या डीसारखंच अर्धवर्तुळ असतं. आपलं १४.६३ मीटरचं, त्यांचं १७ मीटरचं. बचाव करणाऱ्याचा लागून चेंडू गोलरेषेबाहेर गेला की कॉर्नर. तो मिळाला की बचाव करणारे गोलरेषेच्या मागे जाऊन उभे राहतात. हल्ला करणारे अर्धवर्तुळाच्या बाहेर, स्टिक मागे ताणून. कोपऱ्यातून चेंडू सुटतो आणि रेषेवरचे सगळे एकदम बाहेर झेपावतात. आपला पेनल्टी कॉर्नरच! फक्त इथं तो साध्या कॉर्नरलाही मिळतो, आणि चेंडू बहुधा थांबवत नाहीत, येतो तसाच पहिल्या फटक्यात हाणतात. सतरा मीटरवरून, स्केटवर तोल सांभाळत, धावत्या चेंडूवर. समोरून स्केटवर सुटलेला बचावपटू त्या फटक्याच्या आडवा येतो. ब्लेड बर्फात रुततात तो ‘खर्रर्र’ आवाज, मग ठोका, आणि मग एकतर जाळी हलते किंवा कीपरचा हात वर दिसतो.

त्या कीपरला मी डोळ्यांत साठवून घेतलाय. प्रत्येक कॉर्नरला तो एक पाऊल पुढे यायचा, गुडघे वाकवायचा, हात रुंद. एक चेंडू त्याच्या उजव्या कानाजवळून निघाला होता. तो त्यानं चक्क झेलला. अडवला नाही, झेलला, आणि झेलल्या-झेलल्या लांब मैदानात फेकून दिला. तिथून हल्ला सुरू. मला आयुष्यभर पॅडनं चेंडू बाजूला ढकलायची सवय. हातात धरलेला चेंडू हीच पहिली पास असू शकते, हे बघून मी उभाच राहिलो.

आणि मारणाऱ्याच्या जागी मला सारखा तू दिसत होतास. बाही वर सारून चेंडूची वाट बघत डीच्या टोकावर उभा राहायचास तसा.

त्या दिवशी बायेन जिंकले. नंतर मी जमेल तेव्हा जात राहिलो. आजोबा तिथंच असतात. त्यांच्याकडूनच कळलं की खेळ मूळचा पूर्व इंग्लंडच्या दलदलीचा. हिवाळ्यात तिथली पाणी भरलेली शेतं गोठायची आणि शेतकऱ्यांची पोरं त्यावर खेळायची. १९५२ च्या ऑस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून होता, पण पदकांच्या यादीत काही शिरला नाही. १९५७ पासून जागतिक स्पर्धा आहे. ती सोव्हिएत संघानं १९७९ पर्यंत दुसऱ्या कुणाला जिंकू दिली नाही. १९८१ मध्ये स्वीडननं ती साखळी तोडली, हे सांगताना आजोबांचा आवाज चढतो. असा खेळ जगात थोड्याच देशांत उरलाय आणि तरी माणसं उणे आठमध्ये बॅग घेऊन येतात. मला त्याचं फार मोल वाटतं. आपल्या मातीवरच्या हॉकीचं आता कोण एवढं करतं?

इथं घरी मोबाइलवर मॅच दाखवली. आई म्हणाली, पोरं पडत कशी नाहीत. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो विजेच्या बिलाचा. मैदानाखाली नळ्या टाकून त्यातून थंड द्रव फिरवतात आणि वर पाण्याचे थर देत बर्फ चढवतात, असं सांगितल्यावर त्यांनी यंत्रमागाच्या मीटरचा हिशेब मांडला आणि गप्प झाले. पण दादाचा पोरगा आणि त्याचे दोस्त कॉर्नर पुन्हा पुन्हा बघत होते. शाळेत ते हॉकी खेळतात. ‘काका, हे आपल्याला मातीवर करता येईल की!’ येईल, मी म्हटलं.

तर रविवारी पहाटे सहाला शाळेच्या मैदानावर जमायचं ठरलंय, ऊन चढायच्या आत. सगळे बचावपटू रेषेमागे, चेंडू न थांबवता पहिल्या फटक्यात मारायचा, कीपरला स्टिक नाही. कीपर मी आहे. जुने पॅड माळ्यावर सापडले, पट्टे तेवढे मोच्याकडून नवे करून घेतले. मारणारा मात्र नाही रे. पोरांना पहिल्या फटक्याचं टायमिंग दाखवणारा माणूस हवा, आणि तो पुण्यात बसलाय. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघ. रात्री स्टेशनवर घ्यायला येतो. जेवण घरीच, आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करणार आहे. स्टिक घेऊन ये, इथल्या सगळ्या पोरांच्या मापाच्या आहेत. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या