हिवाळ्यातला उजेड आणि घरातले छायाचित्रण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात दिवस आखडले आणि आभाळ भरून राहू लागले की घरी हौसेने छायाचित्रे काढणारे अनेक जण एकतर कॅमेरा कपाटात ठेवून देतात, नाहीतर महागड्या दिव्यांच्या शोधाला लागतात. या दोहोंचीही गरज नसते, हे अनुभवाने पटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

६० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम ६ तासांचा असतो. तरीही त्या वेळात खिडकीतून येणारा उजेड टेबलावरच्या लहानशा वस्तूला पुरतो. तो अपुरा पडतो हातात धरलेल्या कॅमेऱ्याला, कारण आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवून पुरेसा प्रकाश मिळवायचा तर शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडे ठेवावे लागते आणि तेवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही. ट्रायपॉड नसल्यास पुस्तकांच्या चवडीवर धान्याने भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवावा आणि बटण दाबताना बसणारा हिसका टाळण्यासाठी २ सेकंदांचा टायमर लावावा. (लहान मुले आणि पाळीव प्राणी यांना हे लागू नाही, तिथे आयएसओ वाढवून थोडा रवाळपणा (चित्रात दिसणारे बारीक ठिपके) स्वीकारावाच लागतो.) टेबल खिडकीला भिडवून, समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळवंडलेली बाजूही उजळते.

सर्वाधिक छायाचित्रे बिघडतात ती मात्र वेगळ्याच कारणाने. उजेड कमी वाटतो म्हणून आपण खोलीतला पिवळा दिवा लावतो. त्या दिव्याचे रंगतापमान (प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) सुमारे २७०० केल्विन, तर ढगाळ आकाशाचे सुमारे ६५०० केल्विन असते. त्यामुळे वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी दिसते आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातली सोय) कसाही बदलला तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. माझा एक अख्खा हिवाळा ही चूक ओळखण्यात गेला. दिवा बंद करून शटरचा वेळ वाढवणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

अंधार पडल्यावर उलट करावे: पडदे ओढून एकच एलईडी दिवा वापरावा. त्याचा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर टाकून परतवला किंवा मधे मोठा ट्रेसिंग पेपर ताणून धरला की सावल्यांच्या कडा मऊ होतात, कारण वस्तूच्या दृष्टीने प्रकाशाचा उगम मोठा झालेला असतो. तापणाऱ्या जुन्या बल्बजवळ मात्र कागद किंवा कापड कधीही नेऊ नये. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरमध्ये त्याचे पट्टे उमटतात. एक सेकंदाच्या शटरमध्ये ते दिसतच नाहीत.

आपल्या दैनिकातील छायाचित्रणविषयक मजकुरात नव्या कॅमेऱ्यांच्या माहितीबरोबर अशा घरगुती मांडणीलाही नियमित जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रणप्रेमी वाचक