परदेशातील अपघात आणि न वाचलेली सही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

परदेश सहलींविषयीच्या लेखांत मोटार भाड्याने कशी घ्यावी, हे सविस्तर असते. अपघात झाल्यावर काय करावे, याबद्दल मात्र क्वचितच वाचायला मिळते. गेल्या वर्षी युरोपात आमच्या भाड्याच्या मोटारीला शेजारच्या लेनमधून आलेल्या गाडीने धडक दिली. मोटार माझे यजमान चालवत होते. आम्ही दोघेही चालते-बोलते होतो, याचे समाधान मोठे होते. पण खरे नुकसान त्यानंतरच्या अर्ध्या तासात झाले.

समोरच्या चालकाने त्याच्या भाषेतला एक छापील अर्ज भरून पुढे केला आणि यजमानांनी विश्वासाने सही केली. युरोपात सर्रास वापरला जाणारा हा अपघात निवेदनाचा अर्ज होता. त्यावरील सही म्हणजे चुकीची कबुली नसते, हे खरे. तरीही विमा कंपन्या जबाबदारी ठरवताना १२व्या रकान्यातील फुल्या आणि १३व्या रकान्यातील आराखडा पाहतात, आणि सह्या होऊन प्रती वेगळ्या झाल्या की त्यांत बदल करायचा नसतो. आमच्या बाजूला ‘लेन बदलत होतो’ या वाक्यापुढे फुली होती, हे आम्हाला महिन्याभराने कळले. आम्ही तर सरळ जात होतो!

या अर्जाची मांडणी आणि रकान्यांचे क्रमांक सर्व भाषांत सारखेच असतात. आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेतली प्रत जवळ असती, तर आकडे जुळवून आम्ही प्रत्येक ओळ समजून घेतली असती, आणि मतभेद १४व्या रकान्यात नोंदवला असता किंवा सही नाकारून ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलावले असते.

आणखी एक चूक माझी स्वतःची. मान दुखू लागली ती दुसऱ्या दिवशी, आणि मी डॉक्टरांकडे गेले ती परतल्यावर. अशा धडकेत मानेचे दुखणे काही तासांनीही सुरू होते, हे मला ठाऊक नव्हते; उपचारांचा खर्च मागताना दुखण्याचा अपघाताशी संबंध सिद्ध करणे फार जड गेले. मोटारीचे नुकसान तर आमच्या प्रवास विम्यात बसतच नव्हते.

आपल्या पर्यटन पुरवणीत हा अर्ज प्रत्येक रकान्याच्या मराठी अर्थासह एकदा छापावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक