कर्ता शोधायला शिकवणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

कोल्हापूर

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

राजारामपुरीतील आपल्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी भरणारा इंग्रजीचा वर्ग प्रकृतीमुळे आपण थांबवलात, हे कळल्यापासून आपल्याला पत्र लिहायचे मनात होते. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपण जे शिकवलेत ते त्या खोलीत बसलेल्यांपुरते राहू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. आम्ही शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत (धातू ओतण्याच्या कारखान्यांत), मशीन शॉपमध्ये आणि त्यांच्या कार्यालयांत काम करणारी, मराठी शाळेत शिकलेली मुले-मुली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली; आमच्यापैकी बहुतेकांची इंग्रजी मुळाक्षरे त्याआधीची, म्हणजे पाचवीत गिरवलेली. आपण आम्हाला पुष्कळ काही दिलेत, परंतु या पत्रात मी एकाच गोष्टीबद्दल आभार मानणार आहे, ती म्हणजे इंग्रजी वाक्यातील कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ.

शाळेत या विषयाचा एक नियम आम्हाला मिळाला होता : 'ही, शी, इट' आले की क्रियापदाला 'एस' लावायचा. नियम खोटा नाही, परंतु कामाच्या लिखाणात वाक्याच्या तोंडाशी 'ही' किंवा 'शी' क्वचितच असते. तिथे 'द सरफेस फिनिश ऑफ द कास्टिंग्ज सप्लाइड इन द सेकंड लॉट' (दुसऱ्या खेपेत पाठवलेल्या कास्टिंग्जच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, पृष्ठभागाची सफाई) अशी लांबलचक रांग उभी असते आणि तिच्यापुढे 'इज गुड' लिहायचे की 'आर गुड', याचे उत्तर त्या नियमात सापडत नाही. आपण इंग्रजी पुस्तक मिटून आम्हाला आमच्याच मराठी व्याकरणाकडे परत नेलेत. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावून 'कोण' असे विचारले की कर्ता हाती लागतो, ही रीत मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. तीच आपण इंग्रजी वाक्याला लावून दाखवलीत. चांगले असणारे काय? कास्टिंग्ज नव्हेत, लॉटही नव्हे, तर फिनिश. आणि फिनिश एक आहे, म्हणून 'इज'. 'ऑफ'च्या पुढचा मजकूर बहुतेक वेळा कर्त्याचे वर्णन करतो, तो स्वतः कर्ता नसतो, हे एकदा उमगल्यावर क्रियापदाला चिकटून बसलेल्या शेवटच्या अनेकवचनी नामाची भुरळ पडेनाशी झाली. ज्या व्याकरणाचा आम्ही दहावीनंतर निरोप घेतला होता तेच आपण आमच्या हातात हत्यार म्हणून परत दिलेत, आणि मराठी माध्यम ही इंग्रजीच्या वाटेतील अडचण आहे असे मानणाऱ्या आम्हा सर्वांना त्यामुळे किती बळ आले, हे आपल्याला कदाचित ठाऊक नसेल.

आपले दुसरे सांगणे असे होते की मराठी माणसाला मेळ शिकवावा लागत नाही, कारण त्याच्या भाषेत मेळ इंग्रजीहून कितीतरी अधिक आहे. मुलगा जातो, मुलगी जाते, मुले जातात, मुली गेल्या : आपले क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष या तिन्हींची दखल घेते. इंग्रजी क्रियापद लिंग विचारतच नाही, आणि वचनही, 'आय'पुढचा 'अ‍ॅम' सोडला तर, साध्या वर्तमानकाळात, तृतीय पुरुषापुरतेच विचारते. भूतकाळात तर 'वॉज' आणि 'वेअर' एवढी जोडी सोडली तर काहीच विचारत नाही. हे सांगताना आपण कोल्हापूरचे उदाहरण दिले होते, ते वर्गातल्या सगळ्या मुलींच्या लक्षात आहे. आमच्याकडे बायकासुद्धा बोलताना 'मी जातो', 'मी आलो' असेच म्हणतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. म्हणजे 'मी' म्हणताना स्त्री-पुरुष भेद न करण्याची सवय इंग्रजी 'आय'च्या आधीच आमच्या जिभेला होती. शाळेत ज्या बोलीबद्दल आम्हाला टोकले जाई, तिला आपण व्याकरणाच्या चर्चेत मानाने बसवलेत. याबद्दल मला आपले वेगळे आभार मानायचे आहेत.

मग मराठीची सवय नेमकी आडवी कुठे येते, हे आपण जितक्या बारकाईने उलगडलेत तितके कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मला आढळले नाही. 'शी हॅव टू ब्रदर्स' हे वाक्य आमच्याकडे इतक्या जणांच्या तोंडी का येते? आपण सांगितलेत की हा निष्काळजीपणा नव्हे, यामागे मराठीचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. 'तिला दोन भाऊ आहेत' या वाक्यात क्रियापद 'ती'कडे बघतच नाही, ते भावांकडे बघते आणि म्हणून अनेकवचनी होते. कर्मणी प्रयोगातही तसेच : सीतेने आंबा खाल्ला, सीतेने चिंच खाल्ली, सीतेने पेरू खाल्ले, सीता तीच, क्रियापद मात्र कर्माप्रमाणे बदलत राहते. इंग्रजीत असे कधीच होत नाही. तिथे क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाही, भाऊ दोन असोत वा दहा, 'शी'पुढे 'हॅज'च येणार. चूक कुठून उगवते हे कळल्यावर ती दुरुस्त करणे सोपे झालेच, शिवाय चुकणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

आदरार्थी बहुवचनाचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. 'बाई आल्या' असे आम्ही म्हणतो तेव्हा बाई एकच असतात आणि क्रियापद मात्र अनेकवचनी असते. वडील आले, साहेब म्हणाले, गुरुजी गेले. मान दिला की वचन वाढते. हीच रीत इंग्रजीत नेली की 'अवर सर हॅव कम' असे वाक्य तयार होते, आणि ते तयार करणाऱ्याच्या मनात केवळ नम्रता असते. इंग्रजीला ही नम्रता अमान्य आहे असे आपण म्हणाला नाहीत. तिने ती एका ठिकाणी आपल्यासारखीच केलेली आहे, असे सांगितलेत. 'यू' हा शब्द मुळात अनेकांसाठी होता, एकासाठी 'दाऊ' होता. पुढे मान देण्यासाठी एकालाही 'यू' म्हणू लागले आणि हळूहळू 'दाऊ' व्यवहारातून गेला, क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिले. म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' आणि 'यू वेअर'. 'तू' आणि 'तुम्ही' यांत वाढलेल्या आम्हाला हे समजावून सांगण्याची गरजच उरली नाही.

त्यानंतर आपण स्वयंपाकघरात आणि बाजारात शिरलात. मराठीत तांदूळ महाग झाले, केस गळतात, पैसे संपले. ही तिन्ही नामे आपल्या कानाला अनेकवचनी. इंग्रजीत 'राइस इज', 'हेअर इज', 'मनी इज'. उलट आपली कात्री एक, विजार एक, चष्मा एक. त्यांच्याकडे मात्र 'सिझर्स आर', 'ट्राउझर्स आर', 'ग्लासेस आर'. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'एस' दिसतो पण क्रियापद एकवचनी, तर 'पोलीस'च्या शेवटी तो नाही आणि क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत 'ब्रेड अँड बटर इज' असे का म्हणतात, या प्रश्नावर आपण एवढेच विचारलेत की 'मला भाजी-भाकरी आवडते' असे तुम्ही का म्हणता, 'आवडतात' का नाही?

कामाच्या दृष्टीने आपले ऋण सर्वांत जास्त आहे ते पुढच्या गोष्टीबद्दल. मेळ हा केवळ शुद्धतेचा प्रश्न नसून अर्थाचा प्रश्न आहे, हे आपण एका वाक्यात दाखवलेत. 'द लिस्ट ऑफ कास्टिंग्ज दॅट हॅज बीन अप्रूव्ह्ड' असे लिहिले तर मंजूर झालेली आहे ती यादी. 'दॅट हॅव बीन अप्रूव्ह्ड' असे लिहिले तर मंजूर झालेली आहेत ती कास्टिंग्ज. एका शब्दाचा फरक, परंतु डिस्पॅचला बसलेल्या माणसाने गाडी भरायची की थांबायचे, हे त्यावर अवलंबून असते. 'द ओनर अँड मॅनेजर हॅज साइन्ड' यात सही करणारा माणूस एक, 'द ओनर अँड द मॅनेजर हॅव साइन्ड' यात दोन. 'द नंबर ऑफ रिजेक्टेड पीसेस इज' यात बोलणे आकड्याबद्दल, 'अ नंबर ऑफ पीसेस आर' यात बोलणे अनेक नगांबद्दल. 'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' यांनी जोडलेले नाम कर्त्याची संख्या वाढवत नाही, म्हणून 'द टेस्ट सर्टिफिकेट, अलाँग विथ द ड्रॉइंग्ज, इज एनक्लोज्ड'. 'आयदर-ऑर' मध्ये मात्र क्रियापद जवळच्या नामाचे ऐकते. इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना ही वाक्ये रोज लागतात, आणि रोज ती लिहिताना आपली आठवण होते.

'एस' हा प्रत्यय नामाला लागला तर अनेकवचन आणि क्रियापदाला लागला तर एकवचन, हा उलटा न्याय कसा, असे आमच्यातल्या एकाने विचारले होते. त्याला गप्प न करता आपण त्या प्रत्ययाची कुळकथा सांगितलीत : दोन्ही 'एस' वेगवेगळ्या घराण्यांचे, क्रियापदाचा 'एस' इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींतून आलेला, दक्षिणेकडे त्याच्या जागी 'एथ' होता, आणि म्हणूनच 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये 'ही गोज' नसून 'ही गोएथ' आहे. 'डज' आल्यावर मुख्य क्रियापदाचा 'एस' का जातो, हेही ओघात आले : मेळ एकदाच दाखवायचा असतो, आणि तो 'डज'ने दाखवलेला असतो.

जिथे इंग्रजी लिहिणाऱ्यांतच एकमत नाही तिथे आपण खोटी खात्री दिली नाहीत, ही मला आपल्या शिकवण्यातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. 'द टीम इज' की 'द टीम आर'? अमेरिकेत बहुधा एकवचन, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. पत्र कोणाला जाते ते पाहा आणि एका पत्रात एकच रीत ठेवा, एवढे आपण सांगितलेत. 'नन ऑफ द कास्टिंग्ज' पुढे 'इज' आणि 'आर' दोन्ही सुशिक्षित लिखाणात आढळतात, हेही सांगितलेत. आम्हाला पक्के उत्तर हवे असायचे, आणि आपण आम्हाला 1850 साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्रांतून अशी वाक्ये उतरवून आणायला लावत होतात, ज्यांत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये निदान एक ओळ तरी पसरलेली असेल. माझी ती वही अजून टेबलाच्या खणात आहे आणि नव्याने कामाला लागलेल्या मुली तिच्यातली वाक्ये उतरवून घेतात.

त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ शिकवते, अगदी आपल्याच पद्धतीने, 'णारा कोण' पासून. त्यांच्यातल्या एकीने परवा विचारले की 'मोअर दॅन वन कास्टिंग' म्हणजे किमान दोन, मग त्यापुढे 'इज' का? मी तिला सांगितले की क्रियापद इथे अर्थाचे न ऐकता 'वन कास्टिंग' या शब्दांचे ऐकते, आणि 'मोअर कास्टिंग्ज दॅन वन' असे फिरवले तर लगेच 'आर' होते. हे उत्तर तिला पटले. तरीही याला अधिक चांगले कारण आपल्याकडे असणार असे मला वाटते, आणि डोळ्यांना त्रास होत नसेल तर दोन ओळींत आपण ते कळवावे, ही विनंती आहे.

आपण कधीही फी घेतली नाहीत आणि आभाराचा विषय काढला की पुढचे वाक्य फळ्यावर लिहीत होतात. या वेळी मात्र ते पत्रातून आले आहेत, म्हणून ते आपण स्वीकारावेत. आपल्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपली,
शिरोलीच्या फाउंड्रीतील क्वालिटी विभागात काम करणारी एक विद्यार्थिनी