नंद्यास पत्र: गुरुवारच्या आधी

वडोदरा

प्रिय नंद्या,

फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. येत्या गुरुवारपासून मी ट्रॉमाच्या ग्रुप थेरपीला जाणार आहे. आमच्यात काही ऑगस्ट 2024च्या पुरातले आहेत, काही अपघातातले.

पुराचं तुला माहीतच आहे. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, तेव्हा ती 35च्या वर गेली होती. पण एक गोष्ट तू दहाव्याला आलास तेव्हाही बोललो नव्हतो. इन्व्हर्टर बसला तसं बाबांचं ऑक्सिजनचं मशीन एकसारखं किंचाळायला लागलं. मी ते बंद करून सिलिंडर लावला. तो पहाटेपर्यंत पुरला, बोट दुपारी आली. आता ऑफिसात यूपीएस वाजला तरी मी उठून जिन्यात जाऊन उभा राहतो.

ग्रुप घेणाऱ्या मॅडमनी आधी एकट्याला बसवून सगळं विचारलं. झोप, गोळ्या, दारू, जीव द्यावासा वाटतो का, तेही. मला वाटत होतं, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सगळं बोलायला लावतील. तसं नाही. ज्युडिथ हर्मन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1992 साली तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आमचा ग्रुप पहिल्या टप्प्याचा. श्वास, तळपाय जमिनीला टेकवणं, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजणं. 'आज नको' म्हणायची मुभा आहे. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, तुलासुद्धा नाही.

खरं सांगू? बोलायची नाही, ऐकायची धास्ती आहे. कुणाचं लेकरू गेलं असेल, तिथे मी म्हाताऱ्या बापाचं काय घेऊन बसायचं? नातेवाइकांनी ऐकवलंच होतं, 'वय झालं होतं, सुटले.' (त्यांना त्या रात्री आमच्या माडीवर बसवायला हवं होतं.) मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, हा प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात, लेकरू गेलेलेही.

ओळखीपुरतं एक वाक्य ठरवून ठेवलंय: पुरात वडील गेले, लाइट नव्हती. ग्रुप गुजरातीत चालणार, आणि बाबांविषयी मी आजवर मराठीतच बोललोय. म्हणून ते गुजरातीत मोठ्याने म्हणून पाहिलं. उलट सोपं गेलं.

सुरुवातीला झोप बिघडेल, चिडचिड वाढेल, असं त्यांनी बजावलंय. शुक्रवारची अर्धी रजा टाकलीय. स्कूटर नेणार नाही. सुटल्यावर कमाटीबागेत एक फेरी, मग रिक्षाने घरी. तुझ्या वहिनीला सांगितलंय, ताट वाढ, प्रश्न नकोत.

तूही गुरुवारी रात्री फोन कर, पण 'कसं झालं' विचारू नकोस. रणजीचं बोल, तुझ्या साहेबाला शिव्या घाल. मीच विषय काढला तर ऐकून घे, सल्ला देऊ नकोस. तुला ते जड जाईल, माहीत आहे. आणि साडेनवानंतरच कर, त्याआधी मी जेवत असेन.

तुझा,
अवि