गावातच राहिलेला चित्रकार

मा. संपादक,
स. न.

रशियन चित्रकार अर्कादी प्लास्तोव (१८९३–१९७२) मॉस्कोत शिल्पकला शिकले, पण सिम्बिर्स्क प्रांतातील प्रिस्लोनिखा या आपल्या जन्मगावी परतून आयुष्यभर तेथील शेतकरी रंगवत राहिले. १९३१ च्या आगीत घरासह बहुतेक चित्रे जळाली, तरी त्यांनी गाव सोडले नाही. त्यांच्या १९४५ च्या ‘कापणी’ या चित्रात पेंढ्यांजवळ जेवायला बसलेला म्हातारा आणि मुलेच दिसतात, कारण कर्ती माणसे युद्धावर होती. सोयाबीनच्या सोंगणीत आमच्याकडेही असेच जेवण होते. मात्र ते रंगवू शकणारी मुले ग्रामीण विदर्भातील शाळांत चित्रकला शिक्षकाविना शिकतात. ही पदे शासनाने तातडीने भरावीत.

– एक शेतकरी पालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती