आईच्या डोळ्यामागची गाठ : रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचे जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,
सविनय नमस्कार.

आईच्या उजव्या डोळ्यामागची गाठ लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकारच्या कर्करोगाचीच असल्याचे बायोप्सीने ठरले, रेडिओथेरपी पूर्ण झाली आणि डोळा पुन्हा जागेवर बसू लागला आहे. डिचोलीहून बांबोळीच्या रुग्णालयात घाबऱ्याघुबऱ्या आलेल्या आम्हा मुलांना आपण पडद्यासमोर बसवून जे समजावून सांगितलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

डोळ्याच्या खोबणीतली साधी सूज आणि लिम्फोमा अनेकदा सारखेच दिसतात. ऊतींमधले पाण्याचे रेणू सतत हलत असतात, पण लिम्फोमातल्या पेशी इतक्या दाटीने असतात की त्या पाण्याला फिरायला वावच उरत नाही. म्हणून असा भाग एमआरआयच्या डिफ्युजनच्या, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, चित्रात उजळ आणि एडीसीच्या, म्हणजे पाणी किती मोकळेपणी फिरते हे आकड्यांत दाखवणाऱ्या, नकाशात काळसर दिसतो, असे आपण सांगितलेत. नुसत्या उजळपणावर भिस्त ठेवू नये, कारण पाणी साचलेला भागही तसा उजळू शकतो, म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवलीत. खोबणीतल्या गाठींसाठी अनेक अभ्यासांत धरली जाणारी एडीसीची सीमारेषा सेकंदाला साधारण ०.००१ चौरस मिलिमीटर आहे आणि आईचा आकडा तिच्याखाली होता.

नाकालगतच्या सायनसमधल्या हवेमुळे पहिली चित्रे वेडीवाकडी आली होती. त्यांवरून मत न देता आपण हवेचा त्रास कमी होणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने पुन्हा चित्रे घेतलीत, आणि आईला नजर स्थिर ठेवायला इतक्या मायेने सांगितलेत की ती यंत्राच्या आवाजालाही बुजली नाही.

आमच्यावरचे सर्वांत मोठे उपकार मात्र पुढचे आहेत. सूज समजून आईला स्टेरॉइड सुरू करण्याचा विचार चालला होता. स्टेरॉइडने लिम्फोमाही तात्पुरता आकसतो आणि मग बायोप्सीत निदान धूसर होऊ शकते, म्हणून आधी तुकडा तपासा, असा आग्रह आपण नेत्रतज्ज्ञांकडे धरलात. एडीसीच्या आकड्याने संशय बळावतो, निदान मात्र पेशी पाहूनच होते, हेही आपण आम्हाला तितक्याच स्पष्टपणे सांगितलेत. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर आईने समजून-उमजून सही केली.

आपण कागदावर काढून दिलेली आकृती मी जपून ठेवली आहे. अनुमती असेल, तर ती मराठी आणि कोंकणी मजकुरासह स्वच्छ लिहून विभागाबाहेरच्या फलकासाठी आणून देईन.

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी, डिचोली