ब्रेकच्या बझरची वायर तोडू नका, बिघाड शोधा

संपादक महोदय,

खान्देशात उत्तरेकडून या की दक्षिणेकडून, घाट उतरूनच यावे लागते. सेंधव्याकडून बिजासन घाट, मालेगावकडून लळिंग, कन्नडकडून चाळीसगावचा औट्रम घाट. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये किंवा बसमध्ये नजर रस्त्यावर असताना हवेचा दाब घसरल्याचे ड्रायव्हरला कळते ते डॅशबोर्डमधल्या बझरमुळे. तो सारखा वाजतो म्हणून त्याची वायर काढून टाकायची, ही आपल्याकडे सर्रास होणारी ‘दुरुस्ती’ आहे. ती थांबावी म्हणून हे पत्र.

हवेच्या टाकीवर किंवा ब्रेक व्हॉल्व्हजवळ लो एअर स्विच असतो. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये त्याला बहुधा एकच वायर असते आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग) गाडीच्या बॉडीतून मिळते. हवा नसताना आतले संपर्क जोडलेले असतात, म्हणून चावी फिरवताच बझर वाजतो. दाब ठरावीक पातळीच्या वर गेला की ते सुटतात आणि आवाज बंद होतो. बहुतेक गाड्यांत ही पातळी साडेचार ते साडेपाच किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास असते आणि पूर्ण भरलेली हवा आठ किलोच्या आसपास. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

या रचनेमुळे वायर घासून चेसिसला लागली तर बझर उगाच वाजतो, आणि वायर तुटली तर हवा संपली तरी वाजत नाही. पहिल्या बिघाडासाठी गाडी लगेच गॅरेजला येते. दुसऱ्यासाठी कोणीच येत नाही, आणि घातक तोच आहे.

बझर थांबत नसेल तर आधी हँडब्रेक सुटला आहे का ते पाहावे, कारण अनेक गाड्यांत त्याचाही इशारा याच बझरवर येतो. मग मीटरचे दोन्ही काटे पाहावेत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे सर्किट वेगळे असते. एक काटा साडेसातवर आणि दुसरा चारवर असेल तर बझर खरे बोलतो आहे. वायरिंगला हात न लावता गळती शोधावी. दोन्ही काटे वर असूनही आवाज चालूच राहिला तर एकेका स्विचची वायर काढून पाहावी. वायर काढताच बझर थांबला तर दोष स्विचमध्ये, किंवा मीटर खोटे दाखवत आहे. टेस्ट गेज (दाब मोजणारे वेगळे मीटर) लावून खात्री केल्याशिवाय स्विच बदलू नये. सगळ्या वायरी काढूनही आवाज सुरूच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. केबिन उचलताना वायरिंग जिथे वाकते ती जागा, गिअरबॉक्सच्या वरचा भाग आणि चेसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या कडा आधी तपासाव्यात. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात इन्सुलेशन कडक होऊन तिथेच तडकते.

टाकी रिकामी आणि चावी चालू असूनही बझर गप्प असेल तर स्विचची वायर काढून तिचे टोक चेसिसच्या स्वच्छ धातूला टेकवावे. बझर वाजला तर स्विच खराब आहे किंवा त्याला अर्थ मिळत नाही. गंज, रंग, किंवा आट्यांवर भरमसाट गुंडाळलेला टेफ्लॉन टेप यांनी अर्थ तुटते. नवा स्विच टाकूनही बझर गप्पच राहण्याचे हे नेहमीचे कारण. टेकवूनही वाजला नाही तर फ्यूज, बझर आणि मधली वायर २४ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पने क्रमाने तपासावी. बाजारातला १२ व्होल्टचा बझर बसवला असेल तर तो जळलेलाच सापडेल. नव्या गाड्यांत स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो. तिथे वायर बॉडीला टेकवण्याचा प्रयोग अजिबात करू नये, तपासणी स्कॅनरनेच करावी.

बझर खरा इशारा देत असेल तर कारणे बहुधा साधी असतात. हवा पूर्ण भरून, इंजिन बंद करून पेडल दाबून धरावे. एका मिनिटात काटा पाव किलोपेक्षा जास्त उतरला तर साबणाच्या पाण्याने पाइप, जोड आणि ब्रेक चेंबर तपासावेत. टाकीत पाणी आणि तेल साचले की हवेला जागा कमी उरते, चार-पाच ब्रेकमध्येच दाब पडतो. रोज ड्रेन कॉक उघडावा. रोज पाणी निघत असेल तर एअर ड्रायरचे (हवेतला ओलावा शोषणाऱ्या भागाचे) कार्ट्रिज संपले आहे.

एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा हा वेगळा विषय. हब उघडून ग्रीसिंग किंवा लायनरचे काम झाल्यावर तो लागला तर चाकाचा सेन्सर मागे सरकलेला असण्याचीच शक्यता जास्त. सेन्सर हाताने दातेरी रिंगला टेकेपर्यंत आत ढकलावा. चाक फिरले की योग्य अंतर आपोआप पडते. मग चाक उचलून, दोन सेकंदांत एक फेरा इतक्या वेगाने हाताने फिरवावे. सेन्सरच्या टोकांवर निदान ०.२ व्होल्ट एसी दिसायला हवा.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरजवळ ताबा सुटलेल्या कंटेनरने किमान १० जणांचे प्राण घेतले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. तिथे बझरचा संबंध होता असे मी म्हणत नाही. ड्रम तापून ब्रेक जातात तेव्हा हवा पूर्ण असते आणि बझर गप्पच राहतो, त्यावर खालचा गिअर हाच उपाय. पण हवा घसरू लागली की स्प्रिंग ब्रेक (हवेने मागे धरलेला, हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक) आधी घासू लागतो, मग चाके जाम करतो. त्याआधी गाडी कडेला घेण्याची संधी बझरच देतो.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या परिवहन कार्यालयांना विनंती, की फिटनेस तपासणीत ही एक चाचणी प्रत्येक एअर ब्रेकच्या गाडीवर व्हावी: सपाट जागा, चाकांना लाकडी ठोकळे, हवा पूर्ण, इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक सोडलेला. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवावी आणि पुस्तिकेतल्या आकड्यावर बझर वाजतो का ते पाहावे. पाच मिनिटे पुरतात. रावेर-सावद्याहून केळी भरून निघणाऱ्या गाड्यांच्या मालकांनीही माल चढेपर्यंतच्या वेळात हीच चाचणी करून घ्यावी. भरलेली गाडी थांबवायला कोणाची तयारी नसते.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, धुळे